नाळेतली आर्टेरियल लाइन: कुठलं सलाईन, किती हेपरिन आणि त्वचेला काय लावायचं

प्रश्न कोपरखैरणेच्या एका खासगी एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) सिस्टर इन्चार्जचा आहे. बाळ 26 आठवड्यांचं, वजन 750 ग्रॅम, तिसरा दिवस. नाळेतून आर्टेरियल लाइन (धमनीत घातलेली बारीक नळी) टाकली आहे आणि तिच्यातून ताशी 1 मिली 'हाफ डीएनएस' चालू आहे. लाइनमधून घेतलेल्या नमुन्यात साखर 290 आली, टाचेतून ग्लुकोमीटरवर 58. सोडियम 152. इन्सुलिन सुरू करायचं का, लाइनमध्ये नेमकं काय चालवायचं, आणि लाइन टाकल्यावर डाव्या कुशीला उठलेला लाल चट्टा कशाचा, असं त्या विचारतात.

आधी इन्सुलिन. देऊ नका. हाफ डीएनएस म्हणजे 5 टक्के डेक्स्ट्रोज आणि 0.45 टक्के सलाईन. त्याच्या एका मिलीत 50 मिलिग्रॅम साखर असते. नमुना घेताना लाइनमधलं द्रव नीट मागे ओढलं नाही आणि 1 मिली नमुन्यात त्यातलं जेमतेम 0.05 मिली शिरलं, तरी 2.5 मिलिग्रॅम साखर आत गेली. डेसिलिटरच्या हिशोबात ती सुमारे 250 होते. म्हणजे 58 आणि 290 मधला सगळा फरक एका थेंबाएवढ्या द्रवाने भरून निघतो. 290 खरं मानून इन्सुलिन दिलं तर 58 वरच्या बाळाची साखर झपाट्याने धोक्याइतकी खाली जाऊ शकते, आणि लाइनमधून पुन्हा काढलेला नमुना तेव्हाही 'साखर जास्तच आहे' असंच सांगत राहील. मोठ्यांच्या आयसीयूत या चुकीने मेंदूला कायमची इजा झाल्याच्या घटना घडल्यावर ब्रिटनच्या रुग्ण-सुरक्षा यंत्रणेने 2008 मध्ये आर्टेरियल लाइनमधल्या द्रवांबद्दल इशारा काढला होता. नवजात बाळात नमुना छोटा, त्यामुळे धोका त्याहून मोठा. आत्ता शिरेतून किंवा टाचेतून नवा नमुना घेऊन लॅबमधून साखर तपासून घ्या, कारण कमी आकड्यांना ग्लुकोमीटरही पुरता भरवशाचा नसतो. निर्णय त्या आकड्यावर घ्या.

सोडियमचा आकडाही याच नमुन्यातला असेल, तर खरं सोडियम 152 पेक्षा थोडं जास्तच असेल. लाइनमधल्या द्रवात सोडियम 77 आहे, ते मिसळलं की आकडा खाली ओढला जातो. तेही त्याच नव्या नमुन्यात पुन्हा बघा.

आता मूळ मुद्दा. आर्टेरियल लाइन रक्तदाब बघायला आणि नमुने घ्यायला असते, बाळाला पोसायला नाही. तिच्यातून जाणारं द्रव फक्त लाइन उघडी ठेवण्यापुरतं. पण 750 ग्रॅमच्या बाळात हे 'फक्त लाइनपुरतं' द्रवसुद्धा औषधाच्या मात्रेइतकं मोजावं लागतं. ताशी 1 मिली म्हणजे दिवसाला 24 मिली, किलोमागे 32 मिली. तिसऱ्या दिवशी एकूण द्रव 110 ते 120 ठरलं असेल तर त्याचा पाव हिस्सा लाइनच खाते. ते द्रव 0.9 टक्के नॉर्मल सलाईन असेल तर दिवसाला 3.7 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) सोडियम जातं, किलोमागे जवळपास 5. पहिल्या दोन-तीन दिवसांत, बाळाची लघवी मोकळी होऊन वजन उतरेपर्यंत, आपण शिरेच्या द्रवात सोडियम घालतच नाही. आणि इकडे लाइन गुपचूप 5 देत असते. मग सोडियम वाढलं की सगळे पाणी कमी पडलं म्हणतात. पाणी कमी पडलेलं असतंही, कारण या वयात कातडीतून प्रचंड पाणी उडतं. पण उत्तर शोधताना लाइनचा आकडा मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चालवायचं ते असं: 0.45 टक्के सलाईन, म्हणजे नुसतं हाफ नॉर्मल, त्यात मिलीला 0.5 युनिट हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), ताशी 0.5 मिली. यात दिवसाला 12 मिली द्रव, किलोमागे 16 मिली, आणि सोडियम किलोमागे 1.2 च्या आसपास. हे चार्टवर एकूण द्रवात आणि एकूण सोडियममध्ये रोज लिहा. काही युनिट क्लोराइड टाळण्यासाठी सोडियम ॲसिटेट वापरतात. ॲसिडोसिस (रक्तातली आम्लता वाढणं) कमी होते, पण ते तुमच्याकडे नियमित मिळत नसेल तर आज मिळालं, उद्या नाही, असा खेळ करण्यात अर्थ नाही. 0.45 च्या खाली जाऊ नका, आणि नुसतं स्टराईल वॉटर तर कधीच नको. पातळ द्रवाने लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम चढतं.

हाफ डीएनएस बदलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ताशी 1 मिली हाफ डीएनएसमधून या बाळाला दिवसाला 1.2 ग्रॅम ग्लुकोज मिळत होतं, म्हणजे मिनिटाला किलोमागे 1.1 मिलिग्रॅम. ते बंद करताना शिरेच्या द्रवातून तेवढं वाढवून द्या, नाहीतर 58 चं 40 होईल. बदलानंतर अर्ध्या तासाने आणि पुन्हा तासाने टाचेतून साखर बघा. आणि नुसती सिरिंज बदलून भागत नाही. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), एक्स्टेन्शन नळी, ट्रान्सड्यूसरचा (रक्तदाब टिपणाऱ्या यंत्राचा) सेट, सगळं नवीन लावा. जुन्या नळीत उरलेलं डेक्स्ट्रोज पुढचे एक-दोन नमुने बिघडवतं.

ही गफलत का होते, तेही बघा. हाफ नॉर्मल, हाफ डीएनएस आणि डीएनएस (डेक्स्ट्रोज आणि नॉर्मल सलाईन) यांच्या बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, कपाटात शेजारी-शेजारी. रात्री दोन वाजता 'हाफ' एवढंच वाचलं जातं. हाफ नॉर्मलची बाटली एनआयसीयूच्या आर्टेरियल ट्रॉलीतच वेगळी ठेवा आणि डेक्स्ट्रोज असलेली एकही बाटली त्या ट्रॉलीत ठेवू नका. हाफ नॉर्मल संपलं असेल तर 25 मिली नॉर्मल सलाईन आणि 25 मिली स्टराईल वॉटर मिळून 50 मिली होतं. पण हे दोघींनी मिळून करायचं, एकीने भरायचं आणि दुसरीने रिकाम्या बाटल्या हातात घेऊन वाचायच्या. सगळंच स्टराईल वॉटर भरलं गेलं, तर सिरिंजकडे बघून कुणालाच कळणार नाही.

हेपरिनची व्हायल जास्त धोक्याची. आपल्याकडे 5 मिलीच्या दोन व्हायल मिळतात. एकीत मिलीला 1000 युनिट, म्हणजे एकूण 5000. दुसरीत मिलीला 5000, म्हणजे एकूण 25,000. दोन्हींच्या लेबलवर '5000' हा आकडा दिसू शकतो. मिलीला 1000 ची व्हायल घ्यायची. तिच्यातलं 1 मिली 10 मिलीच्या सिरिंजमध्ये घेऊन नॉर्मल सलाईनने 10 मिलीपर्यंत भरायचं, झालं मिलीला 100 युनिट. त्यातलं 0.25 मिली, 1 मिलीच्या सिरिंजने मोजून, 50 मिली हाफ नॉर्मलमध्ये. एकूण 25 युनिट, मिलीला 0.5. उरलेलं टाकून द्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. मधला पातळ करण्याचा टप्पा राहिला तर मात्रा दहापट होते. व्हायलही चुकीची आली तर पन्नासपट, म्हणजे मिलीला 25 युनिट. ताशी 0.5 मिलीलासुद्धा ती दिवसाला किलोमागे 400 युनिट होते, रक्त पातळ करण्याच्या उपचाराच्या जवळ जाणारी मात्रा, तीही मेंदूत रक्तस्राव होण्याच्या ऐन दिवसांत. 2006 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला लाइनसाठीच्या सौम्य हेपरिनच्या जागी मोठ्यांची व्हायल वापरली गेली आणि तीन अपुऱ्या दिवसांची बाळं दगावली. म्हणून 5000 ची व्हायल एनआयसीयूत येऊच नये, असं औषध विभागाला लेखी कळवा. वाशी-ठाण्याच्या घाऊक बाजारातून खरेदी होते, ब्रँड बदलत राहतो, ओळखीचा टोपणाचा रंग एके दिवशी दुसऱ्याच ताकदीचा निघतो. रंगावर जाऊ नका, आकडा वाचा, 'प्रति मिली' हे शब्द शोधा.

हेपरिनने लाइन बंद पडण्याचं प्रमाण कमी होतं, आणि त्यासाठी मिलीला 0.25 युनिटसुद्धा पुरतं. जास्त घातल्याने लाइन जास्त टिकते असं नाही. पीटी-एपीटीटी (रक्त गोठण्याच्या चाचण्या) या लाइनमधून पाठवू नका, खोटं वाढलेलं येईल. चालू लाइनमधून ब्लड कल्चरही नको. लाइन टाकतानाच घेतलं तर चालतं.

या लाइनमधून डोपामिन, कॅल्शियम, अँटिबायोटिक, रक्त, काहीही द्यायचं नाही. स्टँडवर चार पंप शेजारी असतात, म्हणून पंपावर, थ्री-वेवर आणि बाळाजवळच्या टोकाला लाल पट्टी लावून 'आर्टेरियल' लिहा. मोठ्यांचा प्रेशर बॅगचा सेट इथे नको. तो 300 मिमी दाबावर ताशी 3 मिली सोडतो, आणि त्याची फ्लशची दोरी कुणी ओढली तर किती गेलं याचा पत्ताच लागत नाही. सिरिंज पंप वापरा, प्रत्येक जोड लूअर लॉक (फिरवून घट्ट बसणारा) असू द्या. मॉनिटरवर रक्तदाबाच्या खालच्या मर्यादेचा अलार्म चालू ठेवा. जोड सुटल्याचं पहिलं तोच सांगतो. लाइन पांघरुणाखाली झाकू नका. या बाळाच्या अंगात एकूण रक्त 65 मिलीच्या आसपास, त्यातलं 10 मिली चादरीत जिरायला फार मिनिटं लागत नाहीत.

नमुना घेण्याची पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण घोळ इथेच होतो. सेट लावण्याआधी एकदा, कोरडा सेट कॅथेटरच्या टोकापासून नमुन्याच्या थ्री-वेपर्यंत भरायला किती सलाईन लागतं ते 1 मिलीच्या सिरिंजने मोजून कपाटावर लिहून ठेवा. नमुन्याआधी त्याच्या किमान तिप्पट मागे ओढायचं. बहुतेक सेटमध्ये ते 1.5 ते 2 मिली येतं. हात धुऊन, हातमोजे घालून, थ्री-वेचं तोंड अल्कोहोलच्या स्वॅबने 15 सेकंद घासून वाळू द्या. मग 30 ते 40 सेकंद घेऊन हळू ओढा. भरकन ओढलं किंवा ढकललं की मेंदूतल्या रक्तप्रवाहात हिसका बसतो, आणि या वयाच्या मेंदूला तोच सोसत नाही. ओढलेलं रक्त स्वच्छ टोपण लावून निर्जंतुक गॉजवर ठेवा. दुसऱ्या सिरिंजने नमुना घ्या, लागेल तेवढाच. मग बाजूला ठेवलेलं रक्त, गुठळी आणि बुडबुडा नाही हे उजेडात बघून, तितकंच हळू परत द्या. 0.5 मिलीने फ्लश करा, तोही अर्धा मिनिट घेऊन. ट्रान्सड्यूसर पुन्हा हृदयाच्या पातळीवर आणा आणि मॉनिटरवर रक्तदाबाची लहर नीट उमटते का बघा. फ्लशची मात्राही लिहा. दिवसाला आठ नमुने झाले आणि फ्लश नॉर्मल सलाईनचा असेल तर 4 मिली आणि 0.6 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम जादा गेलं. या बाळाला ते किलोमागे 0.8 आहे.

फ्लशसाठी 500 मिलीची बाटली, तिच्या बुचात दिवसभर खोचून ठेवलेली सुई, हा प्रकार अजून कित्येक ठिकाणी दिसतो. तो आजच बंद करा. 10 मिलीची ॲम्प्यूल, एका बाळासाठी, फोडली की वापरून टाकायची. बाटलीत एकदा क्लेब्सिएला किंवा बर्खोल्डेरियासारखा जंतू शिरला की पूर्ण युनिटभर फिरतो, आणि मग ॲडमिशन थांबवून जमीन पुसत बसावं लागतं.

आता तो चट्टा. लाइन टाकताना काय वापरलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून तो अँटिसेप्टिकने भाजल्याचा असावा. जागा तीच आहे. पोटावरून ओघळलेलं द्रव कुशीत आणि पाठीखाली साचतं, खालचं पॅड ओलं होतं, बाळ त्यावर तासभर पडून राहतं. वर वॉर्मरची किंवा इन्क्युबेटरची ऊब. 26 आठवड्यांच्या त्वचेचा वरचा थर अगदी पातळ असतो, तो घट्ट व्हायला जन्मानंतर दोन ते चार आठवडे लागतात. अल्कोहोल असेल तर इजा लवकर होते. पण पाण्यातलं क्लोरहेक्झिडिन (हेही अँटिसेप्टिकच) निर्धोक आहे असं समजू नका. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2014 मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल जो इशारा दिला, तो अल्कोहोल आणि पाणी, दोन्ही प्रकारांसाठी होता.

चट्ट्यावर आत्ता करायचं ते: कोमट निर्जंतुक पाण्याने किंवा सलाईनने हळू धुवा, घासू नका. पाठ, कुशी, जांघा, ढुंगण सगळं उलटून बघा, दुसरीकडेही निघेल. पॅराफिन गॉज किंवा न चिकटणारं ड्रेसिंग, वर चिकटपट्टी नको. बीटाडिन नको. सिल्व्हर सल्फाडायाझिन (भाजल्यावर लावतात ते मलम) नवजात बाळाला नको, त्यातल्या सल्फामुळे काविळीचा धोका वाढतो. फोड आला, कातडी पांढरी किंवा काळी पडली तर प्लास्टिक सर्जनना आजच दाखवा. दुखण्याचं औषध द्या, हे भाजणंच आहे. उघड्या जागेतून पाणी उडतं, ते द्रवाच्या हिशोबात धरा. सोडियम 152 असताना तर नक्कीच. मापासाठी पट्टी शेजारी धरून फोटो काढा. आणि आई-वडिलांना तुम्हीच सांगा, त्यांनी डायपर बदलताना पाहण्याआधी.

पुढच्या वेळी काय लावायचं? अमुकच सर्वात चांगलं, असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा या वयासाठी नाही. माझं मत असं: 28 आठवड्यांखालच्या बाळात पहिले दोन आठवडे अल्कोहोल टाळा. पाण्यातलं क्लोरहेक्झिडिन मिळालं तर ते, नाहीतर पोव्हिडोन आयोडिन (म्हणजे बीटाडिन), आणि काम झाल्यावर दोन्ही पुसून काढा. त्यापुढच्या, पिकलेल्या त्वचेच्या बाळांत 0.5 टक्के क्लोरहेक्झिडिन अल्कोहोलमध्ये चालेल.

लेबल इथेही फसवतं. हँडरबच्या बाटलीवर 'क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट सोल्युशन 2.5 टक्के' लिहिलेलं असतं. ते 20 टक्क्यांच्या मूळ द्रावणाच्या 2.5 टक्के असतं, म्हणजे प्रत्यक्षात 0.5 टक्के. ते 70 टक्के अल्कोहोलमध्ये असतं, आणि मुळात हाताला लावण्यासाठी. 4 टक्क्यांचा स्क्रब साबणाचा आहे, हात धुवायला. पोव्हिडोनचं 7.5 टक्केही स्क्रबच. सेट्रिमाइड मिसळलेलं तांबडं-पिवळं द्रव फरशीच्या कपाटात राहू द्या. क्लोरहेक्झिडिन पातळ करायचं असेल तर फार्मसीत, स्टराईल वॉटरमध्ये, छोट्या बाटलीत, तारीख घालून. सलाईनमध्ये नको, क्लोराइडमुळे ते खाली बसतं.

आयोडिनचा प्रश्न वेगळा आहे. ते पातळ कातडीतून आत जातं आणि थायरॉइड काही काळ दबतं. टिंक्चर आयोडिन नाळेवर वापरूच नका. पोव्हिडोन वापरलं तर किती वेळा, कधी, ते लिहून ठेवा, म्हणजे नंतर थायरॉइडच्या चाचणीत टीएसएच वाढलेलं आलं तर कारण शोधता येईल.

लावण्याची रीत, द्रव कुठलंही असो, एकच. वाटीत 5 मिलीपेक्षा जास्त ओतू नका. गॉज पिळून घ्या, बाळावर थेंब पडता कामा नये. नाळ फोरसेप्सने सरळ वर धरा, नाहीतर तिच्यावरून सगळं कुशीत उतरतं. दोन्ही कुशींना कोरडे गॉज खोचा, आणि ड्रेप टाकण्याआधी ते ओले गॉज काढून टाका. हा टप्पा जवळजवळ सगळीकडे राहतो, आणि ड्रेपखाली तेच भिजलेलं गॉज बाळाला भाजत राहतं. अल्कोहोल 30 सेकंद वाळू द्या. पोव्हिडोनला दोन मिनिटं हवीत. खाडीकाठच्या दमट हवेत आणि 80 टक्के आर्द्रतेच्या इन्क्युबेटरमध्ये पाण्यातलं द्रव आपोआप वाळत नाही, दोन मिनिटांनी कोरड्या निर्जंतुक गॉजने टिपून घ्या. लाइन पक्की झाली की ओल्या गॉजने पोट, कुशी, जांघा पुसा, बाळ उचलून पाठ बघा, खालचं पॅड बदला. एक्स-रेची घाई असली तरी हे आधी. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाची स्टीलची डबी दिवसभर उघडी ठेवू नका, स्पोर स्पिरिटने मरत नाहीत.

लाइनची बाकी देखरेख थोडक्यात. टोक छातीच्या सहाव्या ते नवव्या मणक्यादरम्यान हवं. बोटं, तळपाय आणि ढुंगण दर तासाला बघा. बोटं निळी-पांढरी झाली तर दुसरा पाय गरम करा, 15 ते 30 मिनिटांत रंग आला नाही तर लाइन काढा. लहर बोथट झाली, रक्त मागे येईना, तर जोराने फ्लश करू नका, गुठळी पुढे जाते. पाच दिवसांपलीकडे ठेवायची असेल तर रोज कारण लिहा. काढताना शेवटचे 5 सेंटिमीटर मिनिटाला 1 सेंटिमीटरने काढा, धमनी आपोआप आवळते. त्यानंतर काही तास बाळाला पालथं ठेवू नका, रक्त आलं तर दिसणार नाही.

बाळ हलवावं लागलं, समजा शहापूर-मुरबाडकडून कळव्याला किंवा तुमच्याकडून ठाण्याला, तर निघण्याआधी आर्टेरियल पंपाची बॅटरी पूर्ण भरा. शिळफाट्याला किंवा घोडबंदरला गाडी अडकली की वीस मिनिटांचा तास होतो. पंप थांबला तर काही मिनिटांत रक्त मागे चढून लाइन गोठते. पंपाची खात्री नसेल, तर लाइन काढून निघालेलं परवडतं. आणि सोबत जाणाऱ्या सिस्टरच्या कागदावर तीन आकडे हवेतच: लाइनमध्ये कुठलं द्रव, मिलीला किती हेपरिन, ताशी किती.